प्रेमकवितेचं शुद्धिपत्र

बातमी तळातून कापतात. वाचकांना हे सहसा माहीत नसतं आणि नसलेलंच बरं. महत्त्वाचं ते पहिल्या परिच्छेदात, त्याहून कमी महत्त्वाचं दुसऱ्यात, आणि सगळ्यांत शेवटी उपस्थितांची नावं व आभारप्रदर्शन. म्हणजे पान लावताना जागा कमी पडली, तर छापखान्याच्या फोरमनने कुणाला न विचारता खालच्या ओळी उचलाव्यात आणि मोकळं व्हावं. नांदेडच्या एका दैनिकात उमेदवारीला लागलो तेव्हा मला हे शिकवलं गेलं. पुढे मी ते इतरांना शिकवलं, आणि इतकं चांगलं शिकवलं की त्यापायी एका शिक्षिकेची बदली अडकली.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी पत्रकारितेतले न विसरता येणारे प्रसंग मागितले आहेत. दंगली, पूर, मंत्र्यांचे दौरे यांवर माझे सहकारी लिहितीलच. माझ्या वाट्याला एक कविता आली होती.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसाने पाठ फिरवली होती. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या आणि त्यांत बसवायला इकडून तिकडून आणलेली जुनी माणसं. दुष्काळ म्हणजे, वर्तमानपत्राच्या बाजूने पाहिलं तर, सरकारी नोटिसा. टँकर भाड्याने घ्यायचे आहेत, अमक्याची खाजगी विहीर गावाच्या पाण्यासाठी ताब्यात घेतली आहे, तमक्या रस्त्यावर खडी फोडण्याचं काम निघालं आहे. गावात पाणी येत नव्हतं, आमच्याकडे नोटिसा येत होत्या. त्या आल्या की पानावरचं दुसरं काहीतरी जायचं.

रविवारची पुरवणी माझ्याकडे आली ती आवडीमुळे नव्हे. ती पाहणारे गृहस्थ प्राध्यापकी मिळाली म्हणून सोडून गेले, आणि संपादकांनी टेबलांवरून नजर फिरवली तेव्हा मी चहा पीत होतो.

"तुम्हाला वेळ दिसतो," ते म्हणाले.

पुरवणीत कविता असत. त्यांच्याशी माझा संबंध फूटपट्टीपुरता होता. एक कॉलम रुंद आणि वीतभर उंच, एवढी बसली की कविता चांगली. दुष्काळात कवितांचा पुरवठा वाढतो, हे निरीक्षण मात्र मी त्या काळात नोंदवलं आहे. तू पाऊस आणि मी भेगाळलेली जमीन, तू ढग आणि मी चातक. एक कवी तर दर बुधवारी स्वतः कार्यालयात येत. "साहेब, लवकर छापा," ते म्हणायचे. "उद्या पाऊस पडला तर माझं काय?" मी त्यांना हवामानाचा अंदाज दाखवून धीर देत असे.

अशा ढिगात 'हातचा' नावाची कविता आली. पाठवणाऱ्या बाई नायगावच्या बाजूला एका खेड्यातल्या शाळेवर शिक्षिका होत्या. त्यांना गिरिजाबाई म्हणू. इथली नावं मी बदलली आहेत. कागद गणिताच्या वहीतला होता, चौकटीचा.

मी ती बातमीसारखी वाचली. कोण? एक बाई. काय करते? बेरीज. कुठे? पाटीवर. केव्हा आणि का, याचा उल्लेख नाही. बेरीज नऊच्या वर गेली की एककाच्या घरातून दशकाच्या घरात एक हातचा न्यायचा, हे प्राथमिक शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यात प्रेम कुठे आहे, ते मला दिसलं नाही. शिवाय कवितेत 'म्हणून म्हणते' असे शब्द होते. कवितेत 'म्हणून' मी तोवर पाहिला नव्हता. तो न्यायालयाच्या निकालात असतो. पण ढग नव्हते, चातक नव्हता. मी कोपऱ्यात 'घ्यावी' असा शेरा मारला.

शुक्रवारी दुपारी पुरवणीचं पान लागत होतं. तेव्हा शिशाचे खिळे हाताने जुळवून मजकूर उभा करत. त्या ओळी लोखंडी चौकटीत आवळल्या की पान तयार. आमचे फोरमन रज्जाकभाई चौकट आवळायच्या बेतात असताना जाहिरात विभागातून विहिरीची एक नोटीस आली. ती टाळता येण्यासारखी नव्हती. रज्जाकभाईंनी पानावर नजर टाकली, सगळ्यांत जवळ कविता होती, तिच्या तळाच्या ओळी उचलल्या आणि खिळे आपापल्या खणांत टाकून दिले. नंतर मला प्रूफ दाखवलं. तीन कडवी, शेवटी प्रश्नचिन्ह.

"बरी बसली," मी म्हणालो.

रविवारी छापून आली ती अशी:

एककाचं घर माझं, दशकाचं तुझं,
मध्ये एक उभी रेघ कुणीतरी ओढली.
रेघेला काय ठाऊक, बेरीज करताना
दोन्ही घरं कुणी कधी वेगळी सोडली?

माझ्या घरात मावेना, तेव्हा दहा झाले,
ते तुझ्या घरी एक होऊन गेले.
ना मोटार, ना तिकीट, ना वाटेत नाका;
न लिहिता गेले, न बोलता गेले.

म्हणून म्हणते, लांब आहेस म्हणू नकोस.
पाटीवर दिसतं तेवढंच का खरं?
हातचा कुठं दिसतो? तरी त्याच्यावाचून
एक तरी उत्तर येतं का बरं?

दोन आठवड्यांनी एक बाई थेट माझ्या टेबलाशी आल्या. हातात कापडी पिशवी, साडीवर गुडघ्यापर्यंत एस.टी.च्या रस्त्याची धूळ.

"हातचा तुमीच छापला का?"

कौतुक ऐकायची वेळ उपसंपादकावर क्वचित येते. मी उठून खुर्ची दिली. "हो. चांगली होती कविता."

"चांगली होती म्हणता. मग तिचा शेवट कुठं हाय?"

"जागेअभावी," मी म्हणालो. आमच्या धंद्यात हा शब्द कुठल्याही प्रश्नाचं उत्तर म्हणून चालतो.

गिरिजाबाईंना तो चालला नाही. त्यांनी पिशवीतून पोस्टकार्ड काढलं आणि टेबलावर माझ्या बाजूला तोंड करून ठेवलं. मजकूर थोडका होता. 'कविता वाचली. लांब आहोत असे मानू नये, हे पटले. फार समाधान वाटले. बदलीचा अर्ज आज मागे घेतला आहे. तब्येतीस जपणे.' खाली सही, शिवराज.

शिवराजअप्पा हे त्यांचे यजमान. नांदेडला महसूल खात्यात कारकून होते. नवा जिल्हा झाला तेव्हा अव्वल कारकून म्हणून लातूरला गेले. बाई जिल्हा परिषदेच्या नोकरीत, त्यामुळे इकडेच राहिल्या. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायचं तर दोन्हीकडची संमती लागते. नवरा-बायकोंना एका ठिकाणी आणण्याची एक तरतूद होती, तिच्याखाली अप्पांनी लातूरला अर्ज केला होता. तो बरीच टेबलं चढून वर गेला होता. महिनाअखेरच्या बैठकीत यादी पक्की व्हायची. यादीत नाव आलं तर बाई लातूर जिल्ह्यात, नाही तर पुन्हा पुढच्या वर्षी पहिल्या टेबलापासून सुरुवात. आणि अर्ज आता यादीतून बाहेर पडला होता, एका कवितेच्या पहिल्या तीन कडव्यांच्या आधारे.

"तुम्ही त्यांना उलटटपाली का नाही कळवलंत?" मी विचारलं.

"कळवलं की. कविता अर्धी छापली, शेवट वेगळा हाय, असं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, मन मोठं केलंस ते आता लहान करू नको." त्यांनी पोस्टकार्ड परत पिशवीत टाकलं. "हातानं लिहिलेलं त्यांना कच्चं वाटतं, भाऊ. जन्म कचेरीत गेला. छापलेलं ते पक्कं."

मी त्यांना खाली छापखान्यात नेलं. मूळ कागद तारेला टोचलेल्या जुन्या मजकुरात असणार म्हणून शोधायला लागलो.

"शोधता कशाला? लिहिली मी, पाठ हाय मला."

रज्जाकभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मुळीच ओशाळले नाहीत. "बाई, नोटीस सरकारी व्हती. मी खालून काढलं. हे साहेब नवीन पोरांला रोज सांगत्यात, मेन ते वर ऱ्हातंय, खालचं काढलं तरी कायबी बिघडत न्हाई म्हून."

"मेन वर लिहायला ती काय दरोड्याची बातमी हाय व्हय?"

"मग कवितेत मेन खाली ऱ्हातंय का?" रज्जाकभाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं. मी पुरवणीचा प्रमुख होतो. मला माहीत नव्हतं.

तिथेच, शाईच्या वासात उभ्या राहून, बाईंनी चौथं कडवं म्हणून दाखवलं. वर्गात पाढे सांगावेत तशा सपाट आवाजात:

पण पोरगंसुद्धा हातचा बोटावर धरतं
आणि पुढच्या घरी पोचताच मिळवून टाकतं.
मी किती दिवस बसू बोट मिटून?
मिळवायचा राहिला, तर गणित चुकतं.

मी संपादकांकडे गेलो. त्यांनी ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला लातूरला टंचाईची पाहणी करायला जायचंच आहे ना?" मला जायचं नव्हतं. ते पुढे म्हणाले, "मग बाईंबरोबर उद्याच जा. आणि त्या अप्पांना सांगा की चूक आपली आहे. अर्थ समजावून सांगा."

अर्थ समजावून सांगायचा म्हणजे आधी तो मला कळायला हवा होता. लातूरच्या एस.टी.त बाई खिडकीशी बसल्या, मी पलीकडच्या बाकावर. बाहेर लोह्यापर्यंत एकसारखी करडी रानं. मी वही काढली आणि मुलाखत घ्यावी तशी सुरुवात केली.

"बाई, पहिल्या तीन कडव्यांत तुम्ही म्हणता, आपण लांब नाही. चौथ्यात म्हणता, मला आता मिळवून टाका. यातलं खरं कुठलं?"

"दोनी."

"दोन्ही कसं? एक काहीतरी तुमची भूमिका असेल."

"तुमी बातमीत दोन बाजू छापता का न्हाई?"

"छापतो. पण त्या दोन माणसांच्या असतात."

"इथं एकाच माणसाच्या हाईत," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

मी हे वाक्य लिहून घेतलं. आजही ते माझ्याकडचं कवितेबद्दलचं सगळ्यांत नेमकं टिपण आहे, आणि त्यातला एकही शब्द माझा नाही.

थोड्या वेळाने मी पुन्हा विचारलं, "पण मग पहिली तीन कडवी हवीतच कशाला? सरळ चौथं लिहायचं."

"सरळ लिहिलं तर रडगाणं होतं. आमच्या शाळेतली दुसरी बाई लिहिते तसलं. माझा तरी आधी विश्वास बसाया पाहिजे ना, की लांब न्हाई म्हणून? मी तर वकिलावानी मांडलं सगळं. रेघ काय, घर काय, हातचा काय. मांडता मांडता शेवटाला आले तर माझंच गणित माझ्यावर उलटलं." त्या हसल्या. "ज्या बाईला लांब ऱ्हाऊन बरं वाटतं, ती एवढं गणित मांडत बसंल का हो?"

"आणि प्रेमाच्या कवितेत बेरीज कशी काय सुचली?"

"दिवसभर समोर तेच ऱ्हातंय. पाटी पुसाया पाणी न्हाई, पोरं थुंकीनं पुसून राहिलीत. चंद्र बघाया येळ कुणाला हाय?"

पुढे निवृत्तीनंतर ग्रंथालयात बसून मी वाचलं, तेव्हा कळलं की अशा कवितेचं एक जुनं घराणंच आहे. विषय प्रेमाचा, पण बोलणं वादविवादाचं. उपमा फुलापाखरांची नाही, कुठल्या तरी कामधंद्याची, जिचा प्रेमाशी काही संबंध नाही असं वाटेल अशी. एकदा ती उपमा धरली की कवी ती सोडत नाही, शेवटपर्यंत ताणतो. दोन देह वेगळे असले तरी जीव एक, असा सिद्धान्त तो एकेक पायरी करत सिद्ध करतो, आणि ऐन शेवटी तीच उपमा फिरवून सांगतो की देहाला हे पटलेलं नाही. म्हणजे त्या कवितेचा सगळा भार तळाशी असतो. वाचून मी पुस्तक मिटलं. माझ्या धंद्याने ज्या टोकापासून कापायला शिकवलं, नेमकं तेच टोक. पण हे ज्ञान मला झालं तेव्हा त्याचा कुणालाच उपयोग नव्हता. एस.टी.त माझ्याजवळ होतं ते फक्त बाईंचं बोलणं, आणि अहमदपूरच्या स्टँडवर चहा घेताना मी ते मनातल्या मनात घोकत होतो. लातूर येईपर्यंत त्यातलं निम्मं विसरलो.

लातूरच्या कचेरीत अप्पांचं टेबल टंचाईच्या विभागात होतं. कपाळावर विभूतीची ताजी रेघ, समोर फायली, आणि फायलींपुढे आपापल्या गावाला टँकर मागायला आलेली माणसं. बायकोला पाहून ते उभे राहिले.

"तू? शाळा?"

"रजा टाकली."

"बरं वाटत न्हाई का?"

"न्हाई," बाई म्हणाल्या.

टेबलावरच्या काचेखाली कवितेचं कात्रण होतं. कडा नीट कापलेल्या, वर लाल पेन्सिलीने वृत्तपत्राची तारीख टाकलेली. मी माझी ओळख सांगितली. अप्पांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. "तुम्ही छापली का? लई उपकार झाले. सगळ्या कचेरीनं वाचली. आमचे साहेब म्हणाले, अप्पा, वहिनींनी हरकत नाही असं नोटिंग टाकलं."

या माणसाला चूक समजावून सांगायची होती. मी घसा साफ केला आणि माझ्या आयुष्यातलं साहित्यावरचं एकमेव भाषण केलं. म्हणालो की कवितेत युक्तिवाद असतो, युक्तिवादाला बाजू असतात, आणि त्या एकाच माणसाच्या असू शकतात. अप्पा मान डोलवत होते, पण टँकरसाठी आलेल्या अर्जदाराला ऐकून घेताना डोलवावी तशी. रांगेत मागे कुणीतरी जांभई दिली.

"थोडक्यात," मी म्हणालो, "कविता संपली नव्हती. आम्ही संपवली."

"पण जेवढी हाय तेवढी बरोबर हाय की," अप्पा म्हणाले. मग माझ्याकडे पाठ करून हळू आवाजात बायकोशी बोलले, "हे बघ, मला वाटायचं, मीच तुला ओढून राहिलो. तिथं तुझी शाळा, तुझी पोरं. इथं काय हाय? प्यायला पाणी न्हाई. मी आपला अर्जावर अर्ज करून राहिलो. मग हे वाचलं. तू एवढं समजावून सांगितलंस. मी समजलो."

"तुमी समजू नये म्हणूनच सांगितलं होतं!"

अप्पांना हे कळलं नाही. मला कळलं, आणि आपल्याला कळलं याचं मला इतकं आश्चर्य वाटलं की मी मध्ये बोलायचं विसरलो. बाईंनी मग माझ्यावर किंवा नवऱ्यावर विसंबणं सोडून दिलं. टेबलाला टेकून, त्याच सपाट आवाजात त्यांनी चौथं कडवं म्हटलं. 'बोट मिटून' म्हणताना त्यांनी खरंच करंगळी दुमडून धरली होती, पोरं धरतात तशी.

अप्पा त्या करंगळीकडे पाहत राहिले. रांगेतला पहिला माणूस, डोक्याला रुमाल गुंडाळलेला एक म्हातारा, म्हणाला, "साहेब, आमचा टँकर ऱ्हाऊ द्या घडीभर. आदी बाईंचं बघा."

अप्पा खाली बसले. काचेखालचं कात्रण त्यांनी काढलं आणि मागून-पुढून पाहिलं, जणू राहिलेलं कडवं मागच्या बाजूला असेल. मागे बियाण्यांची जाहिरात होती.

"मागं घेतलेला अर्ज परत पुढं आणायचा म्हणजे कारण लागतं," शेवटी ते म्हणाले. डोकं पुन्हा कचेरीत आलं होतं. "कारण हाय. छपाईची चूक. पण साहेबांपुढं पुरावा लागंल. ही तर छापील हाय." त्यांनी कात्रण उचलून दाखवलं. "हिच्यावर तोंडी चालत न्हाई. छापीलच पाहिजे."

"शुद्धिपत्र," मी म्हणालो. त्या संपूर्ण प्रकरणात मला नीट माहीत असलेला हा पहिला शब्द होता.

बाई लातूरलाच थांबल्या. मी नांदेडला परतलो. पुढच्या रविवारपर्यंत थांबता येत नव्हतं, बैठक त्याआधी होती. शुद्धिपत्राला आमच्यात ठरलेला साचा असतो: अमुकऐवजी तमुक वाचावे. मंत्र्याच्या नावातला काना, लिलावाची वेळ, मृताऐवजी छापला गेलेला जिवंत भाऊ, अशी शुद्धिपत्रं मी बरीच लिहिली होती. प्रेमाचं लिहिलं नव्हतं. साच्यात ते बसेना, कारण एक शब्द चुकलेला नव्हता. जे छापलं होतं ते सगळं बरोबर होतं आणि एकूण अर्थ मात्र उलटा. बरीच खाडाखोड झाल्यावर मजकूर तयार झाला: 'मागील एका रविवारच्या पुरवणीतील "हातचा" या कवितेचे शेवटचे कडवे जागेअभावी गळाले. त्यामुळे कवयित्रीला जे म्हणायचे होते त्याच्या विरुद्ध अर्थ निघाला. गळालेले कडवे पुढीलप्रमाणे आहे.' खाली चार ओळी. त्याखाली दिलगिरी.

संपादकांनी वाचून विचारलं, "रोजच्या अंकात कविता कुठे लावणार?"

जागा एकच होती, नोटिसांच्या पानावर. रज्जाकभाईंनी ते शुद्धिपत्र दोन नोटिसांच्या मधोमध बसवलं. वर एका विहिरीचा ताबा, खाली टँकरच्या निविदा. आपण होऊन त्यांनी त्याला बारीक वेलबुट्टीची चौकट घातली, जी आम्ही लग्नाच्या शुभेच्छांना वापरत होतो. "सरकारी नोटिशीत मिसळून जाऊ नी म्हून," ते म्हणाले. एका वाचकाचं पत्र आलं, की हातचा ही योजना कोणत्या तालुक्यांना लागू आहे, याचा खुलासा व्हावा.

अंकाच्या प्रती घेऊन मी पुन्हा लातूरला गेलो. या वेळी कुणी पाठवलं नव्हतं.

निकाल आधी सांगून टाकतो, सवयच तशी आहे. अर्ज बैठकीच्या आदल्या दिवशी दाखल झाला आणि बदली झाली. लातूर शहरात नाही, अहमदपूर तालुक्यातल्या एका गावी. अप्पांनी अहमदपुरात खोली केली. रोज सकाळी ते एस.टी.ने लातूरकडे आणि बाई उलट्या दिशेला शाळेकडे जात. संध्याकाळी दोघं परत. मी बाईंकडे पुरवणीसाठी दुसरी कविता मागितली होती. त्या म्हणाल्या, देईन, पण पान आधी मला दाखवायचं. दोन-तीन दिल्याही. त्या तेवढ्या चांगल्या नव्हत्या, असं मला वाटलं, पण माझं मत कुणी विचारात घेऊ नये.

मला सांगायचं आहे ते अर्जाबद्दल. मी अंक घेऊन पोचलो त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत कचेरी रिकामी झाली होती. अप्पांनी कोरा कागद घेतला, समास पाडला आणि लिहायला लागले. बाई शेजारच्या स्टुलावर, मी समोर. अक्षर छापल्यासारखं. विषय: मागे घेतलेला अर्ज पुन्हा विचारात घेणेबाबत. 'उपरोक्त विषयी सविनय सादर की, दैनिकात छापलेल्या कवितेचा शेवटचा भाग वगळला गेल्याने अर्जदाराचा गैरसमज झाला. सोबत शुद्धिपत्राचे कात्रण जोडले आहे.' इथवर ते न थांबता आले. मग कारणाचं वाक्य आलं. त्यांनी लिहिलं: 'पत्नी परजिल्ह्यात असल्याने अर्जदाराची गैरसोय होते.'

बाई खांद्यावरून वाचत होत्या. "गैरसोय?"

"तसंच लिहितात."

"कशाची गैरसोय? जेवणाची का?"

अप्पा कागदाकडे बघत राहिले. पेनाला टोपण लावलं, परत काढलं. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, एक रिकामा टँकर उभा होता. पुन्हा वळलो तेव्हा त्यांनी 'गैरसोय' या शब्दाच्या आधी काकपदाची लहानशी खूण केली होती आणि ओळीच्या वर, कोरून काढावं तसं लिहीत होते: 'अत्यंत'.

हा शब्द मी नोकरीभर बातम्यांमधून काढत आलो आहे. त्याने काही सिद्ध होत नाही आणि जागा जाते.

बाईंनी कागद ओढून घेतला. ते वाक्य वाचायला लागायला हवा त्याहून पुष्कळ जास्त वेळ त्या ते वाचत होत्या. मग पदराने नाक पुसलं आणि कागद नवऱ्यापुढे सरकवला.

"सही करा," त्या म्हणाल्या. "आन तारीख टाका. न्हाईतर तेवढ्यावरून परत पाठवतील."